खिंडीतला डाव्या हाताचा मोह

सुकरीबाईच्या गुडघ्याची बातमी तिच्याआधी मूल गावच्या बाजारात पोचली होती. तिचा चुलत दीर पत्रू भेटेल त्याला सांगत फिरला, "वयनीचा पाय गेला ना भाऊ! या साली तिचा मोह मीच झाडतो."

गावाची रीत साधी. होळीनंतर एक दिवस ठरतो. त्या दिवशी ज्यानं मोहाचं बुड झाडलं, त्या झाडाची फुलं त्या सालापुरती त्याची. पूर्वी पाचोळा पेटवून मोकळे व्हायचे. ग्रामसभेनं आग बंद केली, तेव्हापासून शिंदीचा फडा, म्हणजे झाडू, हाच सातबारा.

एटापल्लीकडून लग्न होऊन सुकरी इथं आली, त्याच चैतात सासूनं तिला तलावाच्या काठानं पहाडीवर नेलं. खिंडीतल्या मोहावर तिचा हात टेकवला आणि म्हणाली, "हे तुझं. घरी भांडण झालं का इथी येऊन बसत जाय." अडतीस वर्षं ती बसत आली, भांडण नसलं तरी. फुलं काय, कुठूनही मिळाली असती. पण झाड गेलं की पहाडी चढायचं कारणच गेलं.

म्हणून ठरल्या दिवशी, तांबडं फुटताच ती टोपल्यात फडा घालून काठावर उभी. तिथं धुरपता जाळं झटकत होती. धुरपता ढिवरांची. साठ वर्षं तलावात गेली, पहाडीवर एकदाही नाही.

"कुठी चालली वो, लंगडत लंगडत?"

"झाड झाडाले. येतं का?"

"मी? मासोळी झाडावर चढते का कधी?"

"वरून तुझा तलाव पुरा दिसते."

धुरपतानं जाळं तिथंच टाकलं.

वाट आधी पाण्याला धरून जाते, मग वळते ती सरळ वर. पळस पेटलेला, कुसुमाची कोवळी पानं लालेलाल. सुकरीबाई दर वळणावर एक नवी शिवी गुडघ्याला द्यायची आणि धुरपता ती शिवी घोकत मागून यायची. अर्ध्या चढावर मात्र गुडघ्यानं उलटून बोलायला सुरुवात केली. सुकरीबाई दगडावर बसली. ऊन चढत होतं.

"धुरपते, फडा घे अन् पुढे जाय. पत्रू पोचाच्या आत झाड. खिंडीत दोनच मोह हायेत. डाव्या हाताचा माझा, उजव्या हाताचा पत्रूचा. डावा! ध्यानात ठेव."

"डावा. मले का येडी समजली?"

ती गेली. सुकरीबाई मागून निघाली; कधी काठी टेकत, कधी झुडूप धरत, कधी चक्क रांगत. रांगताना आजूबाजूला कोणी नाही ना, हे मात्र दोनदा पाहिलं.

खिंडीत पोचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. डाव्या हाताच्या मोहाखालची जमीन सारवल्यासारखी लख्ख. पण झाडणारी तिथं नव्हती. धुरपता उभी होती उजव्या हाताच्या मोहाखाली, घामानं निथळत, फडा खांद्यावर घेऊन.

"पाह्य! एक पान ठेवलं नाई!"

"अवो माय! हे पत्रूचं झाड वो! मी डावा म्हणली होती!"

"डावाच त हाये." धुरपता तलावाकडे तोंड करून उभी राहिली आणि डावा हात पसरला. "हा घे डावा."

सुकरीबाई बघतच राहिली. आयुष्यभर पाण्याकडे तोंड करून उभी राहिलेली बाई! खिंडीत चढून आली, तलाव बघायला वळली आणि तशीच राहिली.

"ते दुसरं झाडलेलंच होतं," धुरपता म्हणाली, "मले वाटलं, पत्रूनं आपलं झाडलं."

तेवढ्यात झऱ्यावरून तोंड पुसत पत्रू वर आला. "आली का वयनी? उशीर केला. तुझं बुड म्या झाडलं. आपलं काय, मग बी झाडता येते म्हणलं. आता रीत म्हणजे रीत..."

त्याची नजर स्वतःच्या झाडाकडे गेली. मग फड्याकडे. मग धुरपताकडे.

"हे कोनं झाडलं?"

"म्या," धुरपता म्हणाली. "काऊन?"

सुकरीबाईनं काठीवर हनुवटी टेकली. "रीत म्हणजे रीत ना, पत्रू भाऊ? आता तुझा मोह धुरपताचा. ढिवरांच्या घरी मोह वाळन, अन् तू टोपलं घेऊन तलावात उतरजो."

"वयनी, मजाक नको करू."

"मजाक तू सुरू केली."

पत्रूनं डोकं खाजवलं. "अदलाबदल करू?"

"करू. पण उतरताना माझं टोपलं तुझ्या डोक्यावर. अन् बाजारात सांगजो, वयनीचा पाय आला."

पत्रू हसला, मग तिघंही इतकं हसले की झाडावरचे पोपट उडाले. सुकरीबाई आपल्या मोहाच्या बुडाशी टेकली. लख्ख जमिनीवरून तरीही तिनं स्वतःच्या हातानं फड्याचा एक फेर फिरवला.

धुरपता अजून तलावाकडेच बघत होती. "एवढासाच हाये वो? अन् मी साठ वर्सं याच्या खोलीले भेत राह्यली?"

"बस इथी," सुकरीबाई सरकली. "पुढच्या साली बी ये. फकत हात मले विचारून उचलजो."