विहीर म्हणे, मी तुला बोलावलं नाही

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चूक माझी होती.

तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा प्रभारी होतो. केळीच्या पट्ट्यातल्या एका गावात वीस वर्षांची मुलगी शेतातल्या विहिरीत सापडली. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला. वडील आधीच वारलेले, म्हणून जबाब थोरल्या भावाचा घेतला. शेतात ठिबकच्या नळ्या बसवायला येणाऱ्या परजातीच्या मुलाशी तिचं जुळलं होतं. घरचे रागावले म्हणून सकाळी एकटीच निघाली आणि उडी घेतली, असं त्याचं म्हणणं. शवविच्छेदनात मृत्यू बुडून आल्याचं निघालं. मानेवरचं खरचटणं विहिरीच्या दगडांचं असेल, असं मी धरून चाललो. त्या मुलाला ठाण्यात बोलावून मी तोंडावर म्हणालो, "तुझ्यामुळे पोरगी गेली." आठवड्याभरात तो सुरतेला निघून गेला आणि मी फाइल बंद केली.

पुढच्या वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत आमच्या एका खबऱ्याने मोबाइल पुढे धरला. त्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये वेचणीच्या बाया त्या मुलीवर गाणं म्हणत होत्या. आमच्या ठाण्यातली एक महिला शिपाई मराठी घेऊन एम.ए. झालेली होती आणि अहिराणी तिच्या घरची. तिने गाणं कागदावर उतरवून घेतलं आणि मला समजावू लागली, की यात विहीर बोलते, ती म्हणते, 'पोरी, मी तुले बलावं नही.' प्रत्येक कडव्याअखेर पोरीच्या तोंडी तेच ध्रुपद येतं, 'भाऊ, पानी गार शे,' म्हणजे पाणी गार आहे. मी वैतागून विचारलं, इथे काय मराठीचा पेपर आहे का?

ती गप्प बसली नाही. "साहेब, आमच्याकडे अशा गाण्यांत पोरगी मायला हाक मारते. इथे भावाला मारते. आणि शेवटच्या कडव्यात ध्रुपद बदललंय. तिथे 'भाऊ, तुना हात गार शे', तुझा हात गार, असं आहे. ध्रुपद कुणी उगाच बदलत नाही."

मी कागद हातात घेतला. मधल्या एका कडव्यात ओळ होती, 'एक चप्पल विहीरवर, एक चप्पल घरमा.' माझ्या पंचनाम्यात विहिरीच्या काठावर एकच चप्पल नोंदलेली होती. दुसरी पाण्यात गेली असं मी मनाशीच ठरवलं होतं. विहीर उपसून पाहिली नव्हती.

गाणं कोणाचं, हे शोधायला दोन दिवस लागले. ते मुलीच्या आईचं होतं. आम्ही घरी गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, अक्का, हे आधी का नाही सांगितलं?

ती म्हणाली, "मी त्याच दिन सांगाले उनी व्हती, साहेब. तुम्ही माले बाजूले करं. जबाब कोनी लिखं नही, मंग गानं करं."

तेव्हा मला आठवलं. पंचनाम्याच्या वेळी एक बाई सारखी पुढे येत होती आणि मी शिपायाला म्हणालो होतो, रडणाऱ्या बायांना लांब न्या.

ती आत गेली आणि कोठीतून धान्यात पुरलेली चप्पल काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

भावाला आणलं. तीन तास तो तेच सांगत राहिला, की ती एकटी गेली, मी झोपलेलो होतो. मी ओरडलो नाही. चप्पल टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, की एक चप्पल घालून कोण घराबाहेर पडतं? त्याने चप्पल हाताने बाजूला सारली. मग म्हणाला, "ओढताना निघाली." पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, गाणं तर नाहीच नाही. पण थोरल्याने बहिणीला मानेला धरून घरातून ओढत नेताना आईने पाहिलं होतं, म्हणून तिचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला. उलटतपासणीत ती डगमगली नाही. जळगावच्या कोर्टात तिच्या थोरल्या मुलाला जन्मठेप झाली ती तिच्याच साक्षीवर.

मी सुरतेला त्या ठिबकवाल्या मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं, माफीही मागितली. तो म्हणाला, "साहेब, ती माझ्यामुळेच गेली, असं मी रोज मानत होतो." आणि फोन ठेवला.

तपासाबद्दल वरिष्ठांनी समारंभ करून माझं कौतुक केलं. पहिला चुकीचा कागद माझ्याच सहीचा होता, हे त्या समारंभात मी कोणाला बोललो नाही. आज लिहितो आहे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत फाइल बंद करण्यापूर्वी मी एक गोष्ट पाहत आलो: घरातल्या कोणाचा जबाब घ्यायचा राहिला. बहुतेक वेळा राहिलेली ती बाईच असे.

निकालानंतर महिन्याभराने ती माय ठाण्यात आली. मला वाटलं, काही तक्रार असेल. तिला विचारायचं होतं, की जेलात पोराला भेटायला कोणत्या वारी येऊ देतात आणि घरची भाकरी चालते का. मी चौकशी करून कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद परत माझ्याकडे सरकवला. तिला वाचता येत नव्हतं. मग मी तोंडी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाठ करून घेतलं आणि बस गाठायला निघून गेली.