घंटा कोण वाजवणार?

जुन्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत टूर गाइड झालं, की किस्से शोधावे लागत नाहीत. कॅम्पस दाखवून घरी यावं, तर बुटाच्या मातीबरोबर एखादा आलेलाच असतो.

मी नागपूरची. मास्टर्स करता करता वीकेंडला टूर देते. पहिल्याच दिवशी बॉस ब्रॅडने स्क्रिप्ट दिली. "ही बिल्डिंग कॉलेजच्या सर्व्हंट्सनी बांधली."

मी विचारलं, "त्यांना नोकरी सोडता यायची?"

ब्रॅड खोकला. "नाही. ते... कॉलेजच्या मालकीचे होते."

कॉलेजच्या मालकीची माणसं! मी हबकलेच.

*

माझी सीनियर डेनिस साठीची. तिचे पूर्वज इथलेच गुलाम, त्यामुळे तिला स्क्रिप्ट लागत नाही. किचनपाशी ती सांगते, "ब्रेड करपला म्हणून विद्यार्थ्यांनी इथल्या स्वयंपाकिणीला चाबकाने फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या हॉस्टेलला जुलाब!"

टूरमधल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "आताची मेस बरी आहे ना?"



*

इथली एक गुलाम बाई वर्ग झाडता झाडता फळ्यावरची अक्षरं बघून वाचायला शिकली. गुलामांना वाचायची बंदी, त्यामुळे पकडली गेली, मार खाल्ला. मग? मग तिने इतरांना शिकवायला घेतलं!

हे मी आईला फोनवर सांगितलं. "अगं, तुझे आजोबाही वर्गाबाहेर बसूनच शिकले की," ती म्हणाली.

मला रडूच फुटलं.

*

डेनिसचे खापरपणजोबा सॅम. रोज पहाटे टॉवरची घंटा वाजवून कॉलेजला उठवायचं, हे त्यांचं काम. एके दिवशी ते पळाले. पण बोंब मारणार कोण? घंटाच वाजली नाही, त्यामुळे प्रोफेसरांसकट सगळे घोरत पडलेले!

ब्रॅड म्हणाला, "हा किस्सा कट कर. देणगीदार नाराज होतात."

"मग मलाही कट कर," डेनिस म्हणाली.

*

युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसातून निरोप आला. फाउंडर्स डेला, म्हणजे स्थापनादिनाला, सॅमच्या घरातलं माणूस घंटा वाजवेल, हा सन्मान! किस्सा आणि डेनिस राहणार की जाणार, ते त्यानंतर ठरेल.

टॉवरखाली ही गर्दी. सगळ्यांचे फोन वर. ब्रॅडने दोर डेनिसच्या हातात दिला.

डेनिस नुसतीच उभी. मी मनात म्हटलं, यार, वाजव ना!

प्रेसिडेंट वाकून कुजबुजले, "एनी प्रॉब्लेम?"

डेनिसने दोर त्यांच्या हातात ठेवला.

"आमच्या घरात आता ही घंटा कुणी वाजवत नाही. उठायचं असेल, तर तुम्हीच वाजवा!"