राजदंडाच्या जागी खराटा

सुगंधाबाई वाघचौरे डोळे मिटतात ते झोपायला नव्हे, शेजारी बसलेल्या पीएची बडबड टाळायला. दिल्लीची थंडी, गाडीतली ऊब आणि मांडीवर पक्षाच्या कार्यालयाने लिहून दिलेलं हिंदी भाषण. खासदार म्हणून बाई आज पहिल्यांदा बोलणार. महापौर होत्या तेव्हा उंच खुर्चीत बसून घंटा त्या वाजवायच्या. आता घंटा दुसऱ्याच्या हातात आणि बाई मागच्या बाकावर. कागदात आभार आहेत, अभिनंदन आहे. गटारात उतरून जीव गमावणाऱ्या माणसांबद्दल चकार शब्द नाही, आणि मतं तर बाईंनी त्यांच्याच नावाने मागितलेली.

"मॅडम, आज कागद वाचा. ते पुढच्या वेळी बोलू."

पुढच्या वेळेवर ढकललेली कामं बाईंनी महापालिकेत ढिगाने पाहिली आहेत. गाडी वळते. पीएचा आवाज बारीक होत होत विरतो.

"काय बाई, घोरताय?"

शेजारी काटकरअण्णा. महापालिकेतले विरोधी पक्षनेते, बाईंचे हाडवैरी. गेल्या साली त्यांच्या तेराव्याला घरच्यांपेक्षा बाईच जास्त रडल्या होत्या. अंगात तोच चुरगळलेला सदरा, काखेत महापौरांचा राजदंड.

"अण्णा, मेलात तरी राजदंड पळवताय?"

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं. मेल्यानेही जात नाही."

राजदंड जागेवर नाही तर सभा नाही, असा रिवाज. सभा बंद पाडायची असली की अण्णा तो उचलून धूम ठोकत. आत्ताही ते चालत्या गाडीचं दार उघडून पळतात आणि बाई पदर खोचून मागे. पायाखाली लोकसभेचं हिरवं जाजम आहे, पुढच्या पावलाला महापालिकेचा जिना, जिन्याखाली मासळी बाजार. कोळणी टोपल्या सावरत ओरडतात, "धर गो बाय, धर त्याला!"

बाजार संपतो तिथे सभागृह भरलेलं. नगरसेवक, खासदार, मधूनमधून हिरव्या साड्यांतल्या सफाई कामगार बायका. राजदंडाची जागा रिकामी.

"आता काय कराल?" अण्णा सज्जातून विचारतात.

"तेव्हा केलं तेच."

तेव्हा बाईंनी भर सभेत व्हरांड्यातला खराटा मागवला होता. त्यांच्या आईने याच इमारतीचं आवार जन्मभर तसल्याच खराट्याने झाडलेलं. तो राजदंडाच्या जागी ठेवून बाई म्हणाल्या होत्या, "सभा सुरू." गटारं यंत्राने साफ करायचा ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला.

"त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हटलं," अण्णा सांगतात, "बाई आज महापौर झाली. इतके दिवस नुसती खुर्ची अडवत होती."

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"विरोधक ना मी! तोंडावर कौतुक केलं असतं तर पक्षाने हाकललं असतं."

बाई हसतात, मग हळूच म्हणतात, "अण्णा, इथे घंटा वाजवून खाली बसवतात हो."

"तुम्ही मला किती वेळा बसवलंत? बसलो का कधी? घंटा कागद वाचणाऱ्यासाठी असते. पहिलं वाक्य असं टाका की वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला पाहिजे."

अण्णा खाली येतात. राजदंड आपल्या हाताने जागेवर ठेवतात आणि खराटा बाईंच्या हाती देतात.

"हा घ्या. तुमच्याशिवाय आता राजदंड पळवायचा तरी कुणाचा?"

बाई खराटा घट्ट धरतात. सभागृह बाकं वाजवू लागतं. विरोधी बाकं जरा जास्तच जोरात.

"मॅडम, संसद आली!"

पक्षाचं भाषण पायाशी चुरगळून पडलेलं. पीए ते उचलून झटकायला लागतो.

"राहू दे ते. दुभाष्याला कळव, मी मराठीत बोलणार."

"पण मॅडम, बोलणार काय?"

"माझी आई महापालिकेत झाडूवाली होती. इथून सुरुवात."

कागद झटकायला वर गेलेला पीएचा हात तसाच राहतो. बाई मूठ उघडतात. तळहातावर खराट्याची एक हीर, टोकाला ओली माती.

"हे काय?"

"राजदंड," बाई म्हणतात, हीर अंबाड्यात खोचतात आणि गाडीतून उतरतात.