इंद्रायणीतला नवरदेव

मोशीकरांनो, आज सकाळी शिफ्ट सुटल्यावर इंद्रायणीच्या काठी उथळ पाण्यात एक मासा दिसला. तोंडावर पांढरे, खरखरीत दाणे. मी लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "केमिकलने मासे सडतायत!"

शेजारी गावातले एक आबा जाळं धूत होते. ते हसले. "आरं, रोग न्हाई त्यो. नर हाय. इणीच्या, अंडी घालायच्या दिवसांत असं दाणं येत्यात तोंडावर. नवरदेव हाय!"

म्हणजे या नदीत अजूनही माशांना पिल्लं होणार! मी खुशीत मेसेज डिलीट केला.

दुपारी बायकोला दाखवायला नेलं, तर पाण्यावर गुडघाभर फेस. नवरदेव पोट वर करून काठाला लागलेला.

सकाळचाच मेसेज पुन्हा टाकतोय. आता तो चुकीचा नाही. कुणाला फोन करू, सांगा ना राव?