उशीखालच्या सल्फाच्या गोळ्या

"तुम्हाला अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आनुवंशिक आजार. पण झटका थांबत का नाही? कुठलं औषध घेताय?"

"पॅरासिटामॉल," मी तिसऱ्यांदा खोटं बोलले.

रक्तातलं हीम, म्हणजे लाल द्रव्य, शरीर टप्प्याटप्प्याने बनवतं. या आजारात एक टप्पा अधू असतो. चुकीचं औषध पोटात गेलं की अर्धवट द्रव्यं साचतात आणि नसांवर तुटून पडतात.

मी नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेत शिकते. लघवीला जळजळ होऊ लागली, तेव्हा हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलेच नाही. 'ते पॅरासिटामॉलच देतात,' असं इथल्या प्रत्येक मराठी घरात ऐकलेलं. आईने पुण्याहून दिलेल्या पिशवीत सल्फाच्या, म्हणजे जंतुसंसर्गावरच्या, गोळ्या होत्या. त्याच सुरू केल्या.

चौथ्या दिवशी कुणीतरी आतडी मुठीत धरून पिळायला लागलं. इमर्जन्सीत सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही. वर्गात तोंड न उघडणारी मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते. नर्सच्या छातीत लाथ मारली. हात धरायला आलेल्या सईला, माझ्या रूममेटला, रक्त येईपर्यंत चावले. चौघांनी मला दाबून धरलं. मग रक्तातलं सोडियम उतरलं आणि फिट आली.

उजेडात ठेवलेली माझी लघवी काळपट लाल झाली, तेव्हा कुठे डॉक्टरांना या आजाराचा संशय आला.

गोळ्या माझ्या उशीखाली होत्या. कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी सकाळीही एक गिळली होती. सांगितलं तर हसतील, रागावतील, असं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या. सई हाताचं बँडेज मला दाखवत म्हणाली, "बाई, चावलीस ते चाललं. आता तोंड बोलायला उघड."

मी पाकीट काढून दिलं.

त्या रागावल्या नाहीत. नाव वाचून फक्त म्हणाल्या, "आणखी एक घेतली असती, तर श्वासाचे स्नायू बंद पडू शकले असते."

चार दिवस शिरेतून हीम दिलं. दुखणं हळूहळू ओसरलं. तुमच्याही पिशवीत घरच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना आधी त्या दाखवा. लाज नंतर वाटू दे.

मग आईला फोन केला. म्हटलं, हा आजार तुझ्याकडून नाहीतर बाबांकडून आला असणार, दोघंही तपासून घ्या. तिला वर्षानुवर्षं पोटदुखीचे झटके येत. सगळे म्हणायचे, मनाचे खेळ.



"म्हणजे," तिने विचारलं, "मला खरंच दुखत होतं?"