शेख सरांच्या त्रेसष्ट काचा

शेख सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंद्रुडच्या परीक्षा केंद्रावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून घेत होतो. फोनवर महादू होता, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला परिचर. "शेख सर गेले हो... सकाळी छातीत कळ आली म्हनं," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मला रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो उतरायला तयार नाही.

शोकसभेत प्राचार्यांनी लांबलचक भाषण केलं. शेख सर किती शांत, किती वक्तशीर, वगैरे. "त्यांचं संशोधन अपूर्ण राहिलं, नियतीपुढं कुणाचं चालतं?" असं म्हणून ते खाली बसले. नियती कसली डोंबलाची... संशोधन पूर्ण झालं होतं. ते आम्ही धुऊन टाकलं.

शेख सर घाटनांदूरचे. वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. सर आमच्याकडे भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि मी वनस्पतिशास्त्र. प्रयोगशाळा दोघांत मिळून एकच. त्यांचा जीव जडला होता डायनोफ्लॅजेलेट नावाच्या समुद्री जिवांवर. एका पेशीचे हे जीव, त्यांतले काही आयुष्याच्या एका टप्प्यावर स्वतःभोवती चिवट कवच करून बसतात. त्याला सिस्ट म्हणतात. जीव जातो, पण कवच कोट्यवधी वर्षं दगडात टिकतं. सर तमिळनाडूतून दगड आणायचे, आम्लात विरघळवायचे आणि उरलेल्या चिमूटभर गाळात ही कवचं शोधायचे. "बीडला समुद्र कुठंय हो सर?" म्हणून स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चालायची. थट्टा करणाऱ्यांत मी पुढे असायचो, हेही सांगून टाकतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सिस्टची एक प्रजाती सगळे जण बाहेरच्या आकारावरून, कवचाला फुटलेल्या शिंगांसारख्या टोकांवरून ओळखत आले. सर म्हणत, त्या एका नावाखाली दोन प्रजाती नांदतायत. एकीची भिंत एकाच थराची, नमद्यासारखी, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीसारखी दाट. दुसरीची दोन थरांची, आणि थरांच्या मध्ये बारीक खांब. हे अखंड कवचात नीट दिसत नाही, म्हणून इतर लोक जी फुटकी कवचं बाजूला सारत, ती सर जपून ठेवत. त्यांच्या टेबलावर वडिलांच्या दुकानातला टायरचा एक कापलेला तुकडा असे. आत रबर, दोऱ्यांचे थर, परत रबर. पोरांना तो दाखवून म्हणायचे, "वरची नक्षी बघून टायर घेतो तो फसतो बे. कापून बघा."

अकरा वर्षांत अशा फुटक्या कवचांच्या त्रेसष्ट स्लाइड तयार झाल्या. शोधनिबंध एका नियतकालिकाच्या परीक्षकांनी मान्य केला. नव्या प्रजातीचा मूळ नमुना असलेली स्लाइड एखाद्या संशोधन संस्थेच्या संग्रहात जमा करायची, एवढंच राहिलं होतं. त्याशिवाय नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य धरलं जात नाही. तेवढ्यात वडिलांना बरं नाही म्हणून सर चार दिवस गावी गेले आणि इकडे कॉलेजात तपासणीची कमिटी येणार म्हणून साफसफाई निघाली. प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्यावर. आमच्या विभागात प्रॅक्टिकल संपली की पोरांच्या स्लाइड गरम पाण्यात, सोड्यात धुऊन पुन्हा वापरायची पद्धत. टेबलावरच्या सगळ्या काचा धुऊन घे, असं मी महादूला सांगितलं.

सर परतले तेव्हा त्या काचा वर्तमानपत्रावर ओळीनं वाळत होत्या, लख्ख. एक उचलून त्यांनी उजेडात धरली. "कुनी सांगितलं बे?" महादूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्राचार्यांचा आदेश होता सर, कमिटीमुळं." ते खोटं नव्हतं, म्हणूनच तोंडातून पटकन निघालं. "लेबलंबी गेली का?" सरांनी विचारलं. "जी. लई घाण होती सर काचांवर," महादू म्हणाला. "घाण न्हाई रे ती..." सर एवढंच म्हणाले आणि तासाला निघून गेले. संध्याकाळी मला विचारतात, "जाधव, चहा घेता का?"

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. गचांडी धरायला हवी होती. त्याऐवजी पुढची चार वर्षं ते बाटल्यांच्या बुडाशी उरलेला गाळ चाळत बसले. एका थराची कवचं मिळाली. नव्या प्रजातीचं, दोन थरांचं, धड ओळखता येईल असं एकही सापडलं नाही. त्या चार वर्षांत मी त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होतो आणि "सापडेल हो सर" म्हणत होतो. त्यांच्या चांगुलपणाचाही मला आता राग येतो. त्यामुळे मी फार स्वस्तात सुटलो.

परवा सरांच्या पत्नीनं, शहनाज भाभींनी, सरांची एक फाइल माझ्याकडे दिली. "इंग्रजीत हाय समदं, तुमीच बघा," म्हणाल्या. आत संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती. मूळ नमुना 'माझ्या हलगर्जीपणामुळे' नष्ट झाला, असं सरांनी त्यात लिहिलंय. साफ खोटं. मी संपादकांना वेगळं पत्र धाडलं आहे, कारण लिहून आणि माझ्या सहीनं. इथंही लिहितो. त्या काचा मी धुवायला लावल्या.

टायरचा तो तुकडा आता माझ्या टेबलावर आहे. काल महादू फडकं घेऊन आला आणि त्याच्यासमोर थांबला. "सर, ह्ये पुसू का?" तो अजूनही प्रत्येक गोष्ट विचारूनच करतो. त्या दिवशीही त्यानं विचारलं होतं, सरांच्या टेबलापाशी उभं राहून, "ह्याबी का, सर?" मी मान वर न करता हो म्हणालो होतो.