आपलं सोडून समोरच्याचं विचारा

सर्वेक्षणाच्या नोकरीत पैसा साठत नाही, किस्से मात्र कपाटात मावत नाहीत! आमची टीम तिघांची. पुण्याहून येणाऱ्या मॅडम, माझा जोडीदार विनू आणि मी. मावळातल्या घराघरात जाऊन विचारायचं, की भाडं, व्याज, शेअर यांतून तुम्हाला काय मिळतं? त्यावरून म्हणे तालुक्याची आर्थिक तब्येत कळते.

पहिल्या फेरीत तालुका थेट आयसीयूत निघाला. भाडं शून्य, व्याज शून्य! वरून फोन आला, "तिथे बंगल्यांच्या रांगा आहेत आणि भाडं कुणालाच येत नाही? नीट आकडे आणा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपलं समजा."

मॅडमचे मिस्टर बँकेत, विनूची घरची शेती. माझ्याकडे आई आणि ही नोकरी, एवढंच. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

*

परंदवडीत एका भाऊंचं तीन मजली घर. जिन्यात कंपनी-कामगारांच्या बुटांचा ढीग.

"भाऊ, भाडेकरू किती?" विनूने विचारलं.

"भाडेकरू? न्हाई बा. पावने हायेत."

"इतके?"

"आमचं गणगोत लय मोठं हाय."

तेवढ्यात एक पाहुणा जिना उतरत आला. "अंकल, इस महीने का लाइट बिल कितना हुआ?"

भाऊंचा चेहरा ढिम्म हलला नाही. म्हणाले, "जरा लांबची सोयरीक हाय!"

*

औंढ्याच्या आबांचा टुमदार बंगला.

"आबा, घरात माणसं किती?"

"सोमवार ते शुक्रवार सात. शनवार-रविवार आमी समदी गोठ्यात." बंगला तेव्हा मुंबईकरांना दिलेला असतो.

"मग उत्पन्न काय लिहू?"

"कसलं उत्पन्न? सोताचं घर सोडून म्हशींशेजारी झोपतोय. नुकसान लिवा!"

पुढच्या फेरीला गेलो तो नेमका शनिवार. आबा बंगल्यात सोफ्यावर पाय पसरून बसलेले आणि गोठ्यातून गिटारचा आवाज!

"त्यास्नी फार्म-स्टे पायजे म्हणं," आबा म्हणाले. "बंगल्यापरीस गोठ्याचं जास्त देत्यात."

"आणि म्हशी?"

आबांनी कार पार्किंगकडे बोट दाखवलं.

*

आंदर मावळात एसटी सोडून डोंगर चढत एका वाडीवर पोहोचलो. मॅडमचा श्वास जागेवर नव्हता. अंगणातल्या मावशींना विचारलं, "काही गुंतवणूक आहे का?"

"हाय की!"

कितीतरी दिवसांनी कुणीतरी हो म्हणालं होतं. विनूने घाईघाईने पेन उघडलं.

"कशात आहे, मावशी?"

"शेळ्यांत. दोन व्हत्या, आता पाच झाल्या."

फॉर्मवर शेळ्यांना जागाच नव्हती. मॅडम दम खात म्हणाल्या, "'इतर'मध्ये टाक."

मावशी उखडल्या. "इतर कशापायी? नावं हायेत त्यास्नी!"

*

शेवटी शक्कल काढली विनूने. स्वतःचं कुणी सांगत नाही ना, मग समोरच्याचं विचारायचं!

"हे नियमात बसत नाही," मॅडम कडाडल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्याच दारात त्यांनी स्वतः विचारलं, "समोर कोण राहतं हो?"

काय सांगू! जे लोक स्वतःचं नाव सांगतानाही अडखळत होते, ते समोरच्याची एफडी कुठल्या महिन्यात संपते तेही सांगू लागले. एका भाऊंनी तर आम्हालाच झापलं, "बायकूच्या नावचं लपवलं आसंल त्यानं. परत जावा, इचारा!"

तालुका आयसीयूतून बाहेर आला. वरचे खूश झाले.

*

मग एक दिवस यादीत तळेगावातली आमचीच गल्ली आली. स्वतःच्या घरी आपण जायचं नसतं, म्हणून मॅडम गेल्या. मी खिडकीबाहेर आडोशाला थांबलो.

आईने त्यांना पोहे दिले, चहा दिला. "आमचं कुटलं आलंय उत्पन्न, बाई? पोराच्या पगारावर चाललंय."

मॅडमचे डोळे पाणावले. ते पुसून त्या समोरच्या काकूंकडे गेल्या. काकूंचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर.

"तिला काय कमी हाय! सोमाटण्याला दोन गाळे भाड्यानं दिल्यात. लोनावळ्याची खोली दर शनवारी जाती. पोस्टातलं व्याज आनखी येगळंच!"

गल्लीने ऐकलं. मीही ऐकलं.

तसाच घरात शिरलो. राग आला होता आणि रडूही. "आई, नोकरी जाईल म्हणून मी जेवत नव्हतो गं! एका शब्दाने सांगितलं का नाहीस?"

आई मेथी निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

"सांगितलं आसतं, तर सकाळी उठून कामाला गेला आसतास व्हय?"